अमॅरिलिसला हवा तो ताण, थंडी नव्हे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत अलीकडेच घरात, कुंडीतून अमॅरिलिस, म्हणजे कंदापासून उगवणारी मोठ्या फुलांची लिली, लावण्याविषयी आणि तिला नाताळच्या सुमारास फुलवण्याविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. फुलझाडांवर मराठीत इतके सविस्तर लिहिलेले क्वचितच वाचायला मिळते, म्हणून तो मी दोनदा वाचला, त्याचे कात्रण काढून ठेवले आणि शेजारच्या दोघींना वाचायलाही दिले. त्यांपैकी एकीने लेखात सांगितल्याबरहुकूम आपल्या कुंडीतला कंद उपटला, त्याची हिरवीगार पाने कापून टाकली आणि तो वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीजच्या भाजीच्या खणात ठेवला, तेव्हा मात्र हे पत्र लिहिणे मला भाग पडले. चौथ्या दिवशी मी तो बाहेर काढायला लावला. तोवर त्याची मान मऊ पडू लागली होती.

लेखातल्या सूचना खोट्या आहेत असे माझे म्हणणे नाही, त्या दुसऱ्या हवामानातल्या आहेत. ज्या देशांत ऑक्टोबर सरता सरता बाग गोठते, तिथे हा कंद उबदार खोलीत आणून लावतात, कारण बाहेर तो जगणारच नाही. तिथल्या माणसाला घरात झाड आणायचे ते उबेसाठी. आपल्या अंगणात ऊब बाराही महिने आहे. पणजीत जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा सहसा १९-२० अंशांच्या खाली उतरत नाही. मग गोव्यात हे झाड घरात कशासाठी आणायचे, असा प्रश्न कोणी विचारला तर माझे उत्तर एकच आहे: घराला छप्पर असते म्हणून. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळणारा, अशा मुलखात कंदाला कोरडे ठेवण्याची ताकद आपल्या हाती असणे हीच घरातल्या बागेची सारी किंमत आहे. लेखात मात्र कोरडेपणाविषयी एक ओळ होती आणि थंडीविषयी तीन परिच्छेद.

हा गोंधळ होण्याचे कारण मला समजते. ट्युलिप आणि हायसिंथ या कंदांना फुलण्याआधी काही आठवडे खरी थंडी सोसावी लागते. ती मिळाली नाही तर दांडा आखूड राहतो किंवा कळी आतल्या आतच वाळते. ती झाडे ज्या डोंगराळ प्रदेशांतली आहेत तिथे हिवाळा बर्फाचा असतो. आपण जिला अमॅरिलिस म्हणतो ती दक्षिण अमेरिकेतली आहे. ब्राझील, पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिना हे तिच्या जातींचे माहेर. ज्या ब्राझीलमधून काजू आपल्याकडे आला त्याच भूमीतली ही फुले, आणि तिच्या कित्येक रानटी जाती पावसाळा व कोरडा काळ अशा दोनच ऋतूंच्या तालावर वाढतात. असा ताल आपल्याला परका नाही. थंड देशांतले बागाईतदार तिचे कंद १३ अंशांच्या आसपास साठवतात ते तिला थंडीची गरज आहे म्हणून नव्हे. तेवढ्या तापमानाला पानांची वाढ थांबून राहते आणि विक्रीचा हंगाम साधता येतो. फ्रीजमधले चार-पाच अंश हे तिच्या दृष्टीने इजा करणारेच.

आपल्याकडे या गोष्टीसाठी उत्तम शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी पूर्वापार आहे. घाटावरचे डाळिंब उत्पादक बहार धरतात तेव्हा ते बागेचे पाणी तोडतात, झाडाला पाने गाळू देतात, आणि ठरल्या दिवशी पुन्हा पाणी सोडतात. याला ते ताण देणे म्हणतात. पाणी सोडण्याचा मुहूर्त कोणता त्यावरून बहार आंबे, मृग की हस्त हे ठरते. अमॅरिलिसच्या बाबतीत आपल्याला नेमके हेच करायचे असते, फक्त एका कुंडीपुरते. हे एकदा मनात पक्के झाले की महिन्यांची परदेशी कोष्टके पाठ करण्याची गरज उरत नाही. फुले कधी हवीत ते ठरवावे, तिथून मागे मोजावे आणि पाणी तोडावे.

मात्र ताणाकडून नसत्या अपेक्षाही ठेवू नयेत. एखादा कंद सडला तर तो फेकण्यापूर्वी उभा चिरून पाहावा. (चांगला चिरू नये, जरी एका उत्साही मुलाने माझ्या वर्गात तो प्रयोग करून दाखवला होता.) कांद्यासारखी पापुद्र्यांची वर्तुळे दिसतात, हे पापुद्रे म्हणजे पानांची फुगलेली बुडे. त्यांच्यामध्ये, साधारण चार पानांमागे एक, असे कळ्यांचे लहान लहान कोंब दडलेले असतात. कोंब धरल्यापासून फूल उमलेपर्यंत वर्षभराचा काळ जातो. म्हणजे यंदाच्या नाताळात उमलणारे फूल गेल्या वर्षी जी पाने आली त्यांच्यासोबतच आत ठरलेले असते. ताण कळी घडवत नाही. पानांची वाढ रोखून, घडून तयार असलेल्या कळीला तो वर येण्याची वाट मोकळी करून देतो. ज्या कंदाने वर्षभरात तीनच पाने काढली त्याला कितीही शिस्तीत कोरडे ठेवा, फ्रीजमध्ये ठेवा वा देव्हाऱ्यात ठेवा, त्याच्याजवळ देण्यासारखे काही नसते.

यातूनच आणखी एक गोष्ट उलगडते, जी लेखात यायला हवी होती. नोव्हेंबरच्या सुमारास बाजारात आणि ऑनलाइन जे मोठे परदेशी कंद मिळतात ते कुठेही, कसेही ठेवले तरी पहिल्या वर्षी फुलतात, कधी कधी मातीशिवायही. आपण खूष होतो आणि आपल्या हाताला यश आहे असे समजतो. ते यश हॉलंडमधल्या काचगृहातल्या माळ्याचे असते. कळी त्याच्याकडेच धरलेली असते. दुसऱ्या वर्षी पाने येतात आणि फूल येत नाही, तेव्हा कंद ‘खराब निघाला’ असे म्हणून लोक तो कचऱ्यात टाकतात. माझ्या ओळखीच्या निदान पाच-सहा घरांत असे झाले आहे. कंद विकणाऱ्यांनीही त्याचा परीघ सांगण्याची सवय लावून घ्यायला हवी. परदेशांत हे कंद परिघाच्या सेंटिमीटरवर विकले जातात, २४-२६ पासून ३४ च्या वरपर्यंत, आणि जितका परीघ मोठा तितके दांडे अधिक. मोठ्या कंदाला दोन, क्वचित तीन दांडे येतात आणि एकेका दांड्यावर दोन ते सहा फुले. इथे एका दुकानातून मी ‘जंबो’ म्हणून आणलेले दोन कंद शिंप्याच्या टेपने मोजले, तेव्हा ते अठरा-अठरा भरले. किंमत मात्र जंबोच होती.

हे सारे मी शिकले ते पुस्तकांच्या आधी आमच्या सासूबाईंकडून. फोंडा महालातल्या आमच्या चिरेबंदी घराच्या पडवीत त्यांच्याकडे नारिंगी-तांबड्या फुलांच्या लिलीचे आठ-दहा डबे होते. गोव्यातल्या जुन्या घरांच्या अंगणात, तुळशीच्या आसपास आणि चर्चच्या आवारातही जी दिसते, तीच ही. घशाशी हिरवट पांढरी चांदणी असलेली. अमॅरिलिस हा शब्द त्यांच्या कानावरही आला नसेल. पण तुळशीचे लग्न आटोपले की त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते सगळे डबे पडवीच्या आतल्या भिंतीशी आडवे घालून ठेवत. आडवे अशासाठी की येता-जाता कुणी चुकून तांब्याभर पाणी ओतू नये; घरात मुलांना झाडांना पाणी घालण्याचा सोस फार असे. शिगमो, म्हणजे आमच्याकडचा होळीचा उत्सव, जवळ आला, रोमटाची, त्यातल्या ढोल-ताशांच्या मिरवणुकीची, तालीम ऐकू येऊ लागली की डबे उभे व्हायचे, वरची दोन बोटे माती बदलली जायची आणि एकदा भरपूर पाणी मिळायचे. मग पाडव्याच्या आगेमागे पडवी लाल होई. चार महिन्यांचा तो विसावा, त्याचा आरंभ आणि अंत सणांवर बांधलेला, आणि त्यात कुठेही थंडीचा संबंध नाही. मी नवी सून म्हणून आले त्या वर्षी ते आडवे पडलेले डबे पाहून मला दया आली आणि मी ते गुपचूप उभे करून पाणी घातले. त्या चैत्रात पाने भरपूर आली, फुले दोन. सासूबाई रागावल्या नाहीत, पण पुढच्या कार्तिकात त्यांनी डबे आडवे घालायचे काम माझ्याकडेच दिले.

ज्यांना उन्हाळ्यात फुले चालतात त्यांनी हाच क्रम ठेवावा. गोव्याच्या ऋतूशी तो जुळलेला आहे आणि नवशिक्यालाही साधतो. नाताळला फुले हवी असतील तर गोष्ट जरा अवघड होते, कारण त्यासाठी ताण द्यायचा तो नेमका पावसात, आणि म्हणूनच हे पत्र मी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी आपल्याकडे पोचेल अशा बेताने पाठवीत आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फूल हवे असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाणी सुरू व्हायला हवे, कारण पाणी दिल्यापासून उमलण्यापर्यंत साधारण सहा ते आठ आठवडे लागतात; आपल्या उबदार हवेत कधी पाचही पुरतात. त्याआधी आठ ते दहा आठवडे कोरडा विसावा. म्हणजे पाणी तोडायचे ते ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, फार तर चवथीपर्यंत. अंगणातल्या झाडाला हे कदापि शक्य नाही. छपराखालच्या कुंडीला शक्य आहे, पण त्यासाठी कुंडी नुसती छपराखाली असून भागत नाही. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओसरीत, पावसाची झड येते, वळचणीला पागोळ्या गळतात, आणि हवेतली ओल तर भिंतींनाही सुटत नाही. कुंडी आतल्या खोलीत, पंख्याचा वारा लागेल अशा जागी, जमिनीवर न ठेवता चौरंगावर किंवा पाटावर ठेवावी. एरवी पंख्याचा वारा फुलांना वाईट. ताणाच्या दिवसांत मात्र तोच आपला उन्हाळा.

या काळात पानांचे काय करावे, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. लेखात ती कापून टाकायला सांगितली होती. माझा अनुभव असा की पाणी तोडल्यावर तीन-चार आठवड्यांत बाहेरची पाने पिवळी पडून लोळतात. ती अलगद ओढली तर निघून येतात. पिवळ्या होत असलेल्या पानातला रस कंदात परत उतरत असतो, तो आपण कात्रीने का तोडावा? आजकालच्या संकरित जातींची एक-दोन पाने मात्र आमच्या दमट हवेत अखेरपर्यंत हिरवीच राहतात आणि झाडाला झोप लागली नाही की काय अशी शंका येते. ती तशीच राहू द्यावीत. पूर्ण पाने झडलीच पाहिजेत असा काही नेम नाही. मुळाशी कोरडेपणा असला की काम होते. आणि अशा वेळी कंद उपटूही नये. या झाडाची जाड, मांसल मुळे वर्षानुवर्षे टिकतात, आणि उपटताना तुटली तर पुढच्या हंगामातली पहिली कमाई ती पुन्हा वाढवण्यातच खर्च होते.

कुंडीविषयी थोडक्यात. मातीची हवी, कंदाच्या भोवती दोन बोटे जागा राहील एवढीच, आणि बुडाला भोक मोठे. कंदाचा वरचा अर्धा भाग मातीच्या वर राहिला पाहिजे. सबंध पुरलेला कंद आपल्या पावसाळ्यात मानेपासून कुजतो. प्लास्टिकच्या कुंडीत ओल दीर्घकाळ राहते, म्हणून ती टाळावी. मातीच्या बाबतीत मात्र पुस्तकांवर विसंबू नये. आपली तांबडी माती एकटी वापरली की दोन पावसांत विटेसारखी घट्ट बसते. तिच्यात निम्म्याच्या आसपास जाडसर काही मिसळायला हवे. पूर्वी नदीची वाळू घालत. ती आता सहजी मिळत नाही आणि मिळते ती कुठून आली हे विचारण्याची सोय नाही. समुद्राची वाळू खारट, ती चुकूनही घालू नये. मी चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, चुरा वापरते. चिरे तासतात तिथे तो ढिगाने पडलेला असतो. बारीक पूड चाळून टाकावी आणि मसूर-हरभऱ्याएवढे खडे ठेवावेत. त्यात सोडणाचा (नारळाच्या सालाचा) भुसा आणि चांगले मुरलेले, वास न येणारे शेणखत घालावे, आणि बुडाला फुटक्या कौलांचे तुकडे. या मिश्रणात ओतलेले पाणी दहा मोजेपर्यंत खालून बाहेर आले पाहिजे. न आल्यास खडे वाढवावेत.

ताण सोडताना पहिले पाणी भरपूर द्यावे आणि मग हात आखडावा. इथे बहुतेकांची चूक होते. पाणी दिल्यावर काहीच दिसत नाही, म्हणून आणखी पाणी, मग आणखी. आणि मुळे जागी होण्याआधीच कंद बुडाकडून सडतो. मानेतून चपटे, हिरवट-तांबूस टोक डोकावेपर्यंत माती जेमतेम ओलसर असावी. टोक चपटे आणि दाट असेल तर तो दांडा, पातळ आणि दुभंगलेले असेल तर पान. पाणी मातीत द्यावे, कंदाच्या मानेत साचू देऊ नये. दांडा वीतभर झाला की तो खिडकीकडे वाकू लागतो, कारण आपल्या जुन्या घरांच्या खिडक्या खोल आणि उजेड एकाच बाजूचा. म्हणून कुंडी दर दोन दिवसांनी अर्धी फिरवावी. सकाळचे ऊन पडणारी पूर्वेची खिडकी किंवा बाल्कांव याहून चांगली जागा नाही. फूल उमलल्यावर मात्र कुंडी उन्हातून काढून सावलीत, थंडशा कोपऱ्यात न्यावी. उन्हात चार दिवसांत मावळणारे फूल तिथे आठवडाभर टिकते. दांडा आतून पोकळ असतो आणि चार जड फुलांनी तो मोडतो, तेव्हा वेळूची काडी रोवून सैल दोऱ्याने बांधावा, काडी रोवताना कंदाला भोक न पाडता.

फुले गेली की लोकांचा उत्साहही जातो, आणि खरे काम तिथूनच सुरू होते. वाळलेली फुले एकेक करून खुडावीत, म्हणजे शेंग धरून कंदाची शक्ती बियांत जाणार नाही. दांडा हिरवा असेतो ठेवावा, कारण तोही पानासारखाच अन्न तयार करतो. मग पाने येतात आणि पुढचे सहा-सात महिने या पानांची सेवा. नाताळला फुललेल्या झाडाला जानेवारी ते ऑगस्ट हा काळ मिळतो. त्यात मेअखेरपर्यंत स्वच्छ ऊन असते, फक्त एप्रिल-मे मधले दुपारचे ऊन पानांवर थेट येऊ देऊ नये. खत पंधरवड्यातून एकदा, पातळ, नत्र कमी आणि पालाश अधिक असलेले. चुलीची राख चिमूटभर चालते. मूठभर घातली तर मातीचा स्वभावच बदलतो. आठ पाने हे माझे माप आहे. आठ किंवा अधिक सुदृढ पाने आली असतील तर त्या कंदाला ताण द्यावा. कमी असतील तर त्या वर्षी त्याला नुसते वाढू द्यावे.

पावसाळ्यातल्या काळ्या अळीविषयी लेखात अवाक्षरही नव्हते, आणि कोकणपट्टीत या झाडाचा तिच्याएवढा वैरी दुसरा नाही. कळलावीवर जगणारा पॉलिटेला ग्लोरिओसी हा पतंग दिसायला देखणा, पण त्याच्या काळ्या, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांच्या अळ्या लिलीच्या कुळातली आणि अमॅरिलिसच्या कुळातली बरीच झाडे खातात; कुंपणाशी लावलेली पांढऱ्या फुलांची उंच क्रायनम लिली जवळ असेल तर त्यांचे तिथेही फावते. पानाच्या टोकाकडून सुरुवात करून त्या दोन-तीन रात्रींत मानेपर्यंत पोचतात आणि मग कंदात शिरतात. शिरल्यावर उपाय नाही. श्रावणात रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन पानांची खालची बाजू पाहावी, सापडतील त्या अळ्या साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. कंटाळवाणे काम आहे, पण घरातल्या चार कुंड्यांसाठी विषारी औषध फवारण्यापेक्षा बरे. दुसरा त्रास पानांवर आणि कंदावर येणाऱ्या विटकरी-लाल डागांचा. ती बुरशी आहे. ओल्या पानांवर पसरते, म्हणून पाने कोरडी ठेवणे आणि डागाळलेले पान लगेच कापून दूर टाकणे एवढेच करावे, आणि कापलेली सुरी दुसऱ्या झाडाला लावण्याआधी उकळत्या पाण्यात बुडवावी, कारण विषाणूही त्याच वाटेने जातात.

नावाचा घोळही या निमित्ताने दूर व्हावा. लेखात हे फूल दक्षिण आफ्रिकेतले म्हटले आहे. खरी अमॅरिलिस, म्हणजे अमॅरिलिस बेलाडोना, तिथलीच, केपच्या परिसरातली; हिवाळ्यात पाऊस आणि उन्हाळा कोरडा अशा हवेची तिला सवय, त्यामुळे गोव्यात ती रमत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये अमॅरिलिस हे नाव दिले, १८२१ मध्ये विल्यम हर्बर्ट या इंग्रज अभ्यासकाने अमेरिकेतल्या जाती वेगळ्या काढून त्यांना हिप्पिअ‍ॅस्ट्रम म्हटले, आणि मूळ नाव कोणाचे यावरचा वाद १९८७ च्या बर्लिनमधल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत आफ्रिकेच्या बाजूने मिटला. बोलताना आपण अमॅरिलिसच म्हणणार, त्यात काही बिघडत नाही. पण ऑनलाइन कंद मागवणाऱ्याने हिप्पिअ‍ॅस्ट्रम हे नाव पाहून घ्यावे, म्हणजे बेलाडोनाचा कंद गळ्यात पडणार नाही.

आता सर्वांत निकडीची सूचना. आजच्या वर्गीकरणात आपला कांदा आणि लसूणही अमॅरिलिसच्याच कुळात मोडतात, आणि सुका कंद हुबेहूब मोठ्या कांद्यासारखा दिसतो. पण याच्यात लायकोरिन नावाचे विषारी द्रव्य असते. खाल्ल्यास मळमळ, उलट्या, जुलाब होतात आणि कुत्र्या-मांजरांना त्याचा त्रास अधिक. म्हणून लेखातला ‘कंद भाजीच्या खणात ठेवा’ हा सल्ला मला थंडीच्या मुद्द्याहूनही अधिक खटकला. आमच्याकडे पावसाच्या पुरुमेताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, घेतलेल्या कांद्यांच्या माळा माळ्यावर टांगलेल्या असतात. त्यांच्या शेजारी हा कंद सुकत ठेवला आणि घाईच्या वेळी कुणी तो विळीवर धरला, तर अनर्थ व्हायला वेळ लागणार नाही. कुंडीतच विसावा देण्याचा हाही एक फायदा आहे.

पुरवणीच्या पुढच्या अंकात निदान दोन गोष्टींची दुरुस्ती छापावी, अशी आपणास विनंती आहे: कंद फ्रीजमध्ये ठेवू नये, आणि तो खाण्याच्या कांद्यांजवळ कोणत्याही स्थितीत ठेवू नये. बाकीचे वाचक आपापल्या पडवीत पडताळून पाहतील. शेजारणीचा तो कंद मी सध्या माझ्याकडे आणला आहे. मऊ पडलेली मान तासून, राख लावून तो कोरड्या चुऱ्यावर ठेवला आहे. बूड अजून टणक आहे, तेव्हा आशा आहे, पण त्याच्याकडून या नाताळात फूल मागणार नाही. माझ्या स्वतःच्या पाच कुंड्यांपैकी तीन काल बाल्कांवातून आतल्या खोलीत पंख्याखाली आणल्या. उरलेल्या दोघींना सहा-सहाच पाने आहेत. त्यांना तुळशीच्या लग्नापर्यंत पाणी चालू राहील.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा